काडीकचऱ्याची उचल आणि फेड



आखाजी तोंडावर आली आहे. ह्या दिवसांत आपल्या खानदेशात सालदाराचे जुने साल संपते आणि नवे ठरते. आमचे वडील सालदार होते. आखाजीच्या सकाळी ते धन्याच्या ओट्यापुढे बसत, आणि आम्ही त्यांच्या शेजारी. धनी वहीत पाहून सांगे : इतके साल ठरले होते, इतकी उचल झाली, इतकी बाकी राहिली. बहुतेक वर्षी बाकी आमच्याच अंगावर निघे. ती फेडण्यासाठी पुढचे साल धरावे लागे. उचल म्हणजे काय आणि फेड म्हणजे काय, हे आम्ही शाळेत शिकलो नाही; त्या ओट्यापाशी शिकलो.

आज सारंगखेड्याच्या ह्या व्यासपीठावर आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, तोही उचल आणि फेडीचाच आहे. फरक एवढाच की, ह्यात देणारी आणि घेणारी जमीन आहे, आणि वही ठेवणारे जिवाणू आहेत. पीक काढल्यावर शेतात जो पाला, काडी, धसकट, पाचट उरते, ते न जाळता, न नांगरता जागच्या जागी राहू दिले, तर त्यातले अन्न पुढच्या पिकाला केव्हा आणि किती मिळते, हा आमचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, काडीकचऱ्यावर कशाला बोलावे, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर शेवटी देऊ. आधी इतिहास.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत एक फार जुना आणि फार शहाणा शब्द आहे : बेवड. हरभऱ्याची बेवड चांगली, ज्वारीची बेवड जड, असे म्हातारी माणसे म्हणत. मागच्या पिकाने जमिनीत काय ठेवले आणि काय नेले, ह्याचा सारा हिशेब त्या एका शब्दात आहे. तापीकाठच्या काळ्या भारी जमिनीत पूर्वी दरसाल नांगर घालीतही नसत. वखराच्या पाळ्या देत आणि काही वर्षांनी एकदा खोल नांगरट करीत. उन्हाळ्यात ही जमीन स्वतःच भेगाळते, वरची माती भेगांत पडते, आणि पावसात भेगा मिटतात. ही जमीन स्वतःस नांगरते असे जाणते लोक म्हणत, ते खोटे नव्हते.

मग नांगराचा एवढा महिमा कोठून आला? इंग्लंडमध्ये जेथ्रो टल नावाचा एक जमीनदार होऊन गेला. त्याने १७३१ साली घोड्याने कोळपणी करण्याच्या शेतीवर पुस्तक लिहिले. आपले गाव घोड्यांच्या बाजाराचे. दत्तजयंतीच्या यात्रेला आपण जे घोडे पाहतो, ते शर्यतीचे आणि नाचाचे. टलसाहेबाने मात्र घोड्याला औतास जुंपले होते. त्याचे मत असे की, झाडाची मुळे मातीचे बारीक कण खातात. म्हणून माती जितकी बारीक दळावी, तितके पिकाचे पोट भरेल. ही समजूत चुकीची ठरली, परंतु तिच्यावर उभी राहिलेली मशागत टिकली. असे पुष्कळदा घडते. कारण खोटे ठरते आणि चाल राहून जाते.

महाराष्ट्रात लोखंडी नांगर आणला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो बनविला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. प्रारंभी शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीस विष चढेल अशी त्यांस भीती वाटे. त्या भीतीस आपण हसतो, आणि हसण्यासारखी ती होतीही. लोखंडात विष नव्हते. पण दरसाल खोल उलथलेल्या जमिनीत हवा शिरते, जिवाणूंचा जोर वाढतो, आणि साठलेला सेंद्रिय कर्ब लवकर जळून जातो, हे पुढे विज्ञानानेच सांगितले. पहिली काही वर्षे पीक जोरात येते, कारण जमीन आपली ठेव मोडून खर्च करीत असते. ठेव संपल्यावर काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.

काडीकचऱ्याची कथा तर ह्याहून जुनी आणि दुःखाची आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. डोंगरावरचे गवत, झाडांचा पाला, मेलेले जीवजंतू कुजून त्यांचे सत्त्व पावसाबरोबर खाली येते, आणि ते ओढ्यानाल्यांत वाया जाऊ नये, शेतात मुरावे, ह्यासाठी सरकारने बंधारे घालावेत, असे त्यांनी त्यात मांडले. जंगलखात्याने डोंगर अडवून शेतकऱ्याचे हे दान तोडले, हीही त्यांची तक्रार होती. प्रयोगशाळा न पाहिलेल्या माणसाने पाल्यापासून पिकापर्यंतची अन्नाची वाट एवढी स्वच्छ दाखविली, हे आम्हांस फार मोठे वाटते.

दहा वर्षांनी, १८९३ साली, व्होएल्कर ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा हिंदुस्थानच्या शेतीवरील अहवाल निघाला. त्याचे म्हणणे असे की, येथला शेतकरी अडाणी नाही. त्याला सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो, आणि शेण जाळतो म्हणून जमीन उपाशी राहते. चूल आणि शेत एकाच ढिगावर हक्क सांगतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

कोकणात आणि ठाण्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पाला, शेण, गवत पसरून जाळले की राखेतले पालाश आणि स्फुरद रोपांना तत्काळ मिळते. परंतु नत्र बहुतांशी धुरावाटे निघून जाते. म्हणजे आगीने सारा हिशेब एका दिवसात मिटतो, पण त्यात मोठी रक्कम बुडते. कुजण्याने रक्कम फारशी बुडत नाही, पण हिशेब लांबतो. शेतीच्या इतिहासात माणूस ह्या दोन टोकांमध्ये सारखा हेलकावे खात आला आहे.

हे लांबणे किती असते आणि का असते, ह्याचा शोध आपल्या शेजारीच लागला. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की इंदूर. तेथे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. हॉवर्डांचे नाव सर्वांस ठाऊक झाले, वाडांचे फारसे कोणी घेत नाही. त्यांच्यापुढे अडचण होती ती आपलीच : कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुऱ्हाट्या कुजता कुजत नाहीत. त्यांनी त्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरल्या आणि गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या पायांखाली चेचून घेतल्या. मग हिरवा पाला, शेण आणि मूत्रमाती ह्यांची अशी मिसळ केली की कर्ब ३३ भाग आणि नत्र १ भाग पडावे. ह्या प्रमाणात कुजणे नीट सुरू होते, असा त्यांचा अनुभव होता.

आता हे प्रमाण काय आहे, ते आमच्या रीतीने सांगतो. काडीकचरा कुजविणारे जिवाणू हे मजूरच आहेत. त्यांच्या अंगात सुमारे ८ भाग कर्बाला १ भाग नत्र असते. शरीर बांधण्यास ८ भाग कर्ब आणि कामाच्या शक्तीसाठी जाळण्यास आणखी १६ भाग, असे मिळून त्यांना २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र लागते. ज्या काडीत ह्याहून जास्त नत्र आहे, ती कुजताना उरलेले नत्र जमिनीत सुटते आणि पिकास मिळते. ज्या काडीत कमी आहे, तिच्यावर काम करताना हे मजूर तूट जमिनीतून भरून घेतात. ही त्यांची उचल. तितके दिवस पीक उपाशी राहते. पुढे कर्ब जळून संपत आला, जिवाणू मरू लागले, की त्यांच्या अंगातले नत्र मोकळे होते. ही फेड.

फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास कापलेल्या ताग किंवा धैंच्यात हे प्रमाण साधारण २० च्या आसपास असते. म्हणून त्याची फेड काही आठवड्यांत सुरू होते. तोच ताग जून होऊन काष्ठ झाला की प्रमाण वाढते आणि फेड लांबते. गव्हाच्या काडात ते ८० च्या घरात जाते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र बांधले जाते, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ ह्यांनी १८८६ साली जाहीर केले. आपल्या हरभऱ्याच्या बेवडीचे रहस्य तेच. पालाशाची तऱ्हा तर निराळीच. ते काडीच्या पेशीत विरघळलेले असते, कशात बांधलेले नसते. त्यामुळे दोन चांगले पाऊस झाले की बहुतेक सारे धुऊन जमिनीत उतरते. स्फुरद ह्या दोहोंच्या मधले. म्हणजे एकाच काडीत रोखीने देणारा, आठवड्याने देणारा आणि सालअखेर देणारा, असे तीन धनी नांदतात.

हे ज्ञान हाती असतानाही जग नांगरीतच होते. मग अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीची वादळे झाली. नांगरून उघड्या पडलेल्या मैदानांची माती आकाशात गेली. १९४३ साली एडवर्ड फॉकनर ह्या माणसाने पुस्तक लिहून विचारले की, नांगरण्याचे शास्त्रीय कारण आजवर कोणी दिले आहे काय? गदारोळ झाला. पण नांगर सोडला तर तण कोण मारणार? त्याचे उत्तर रसायनाच्या रूपाने आले. १९६२ च्या सुमारास पॅराक्वाट हे तणनाशक बाजारात आले, आणि त्याच साली केंटुकीत हॅरी यंग ह्या शेतकऱ्याने एका एकराहूनही लहान तुकड्यावर न नांगरता पेरणी केली. १९७२ साली ब्राझीलचा हर्बर्ट बार्ट्झ त्याच्याकडे जाऊन ते पाहून आला आणि त्याने आपल्या देशात ती रीत सुरू केली. तेथे पुढे आच्छादनाची पिके पेरायची, ती आडवी करायची आणि त्यांच्या गादीतून मुख्य पीक पेरायचे, ही पद्धत फार पसरली.

आपल्याकडेही हा विचार रुजविणारी माणसे निघाली. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी सगुणा भात तंत्र बसविले. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, राब नाही. एकदा गादीवाफे केले की तेच वर्षानुवर्षे ठेवायचे, आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. राबाच्याच मुलखातून राबाला पर्याय निघाला, हा इतिहासाचा मोठा न्याय म्हटला पाहिजे. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर ह्यांनी उसात नांगर बंद केला आणि मागच्या पिकाची खोडकी व मुळे जागीच कुजविण्यावर भर दिला. दोघांनीही तणनाशकाचा उपयोग केला आहे, हेही नमूद करणे जरूर आहे.

न नांगरलेल्या शेतात काडी मातीच्या पोटात नसून पाठीवर असते. उन्हाने ती वाळते, मातीशी तिची गाठ फक्त खालच्या थराला पडते, म्हणून ती सावकाश कुजते. ह्यामुळे जिवाणूंची उचल एकदम होत नाही, पण फेडही रेंगाळते. हिरवा पाला वर राहिला तर थोडे नत्र वायुरूपाने उडूनही जाते. उलट ओल टिकते, जमीन तापत नाही, गांडुळे वर येतात, आणि वर्षे जातील तसा कर्ब साठत जातो. पहिली दोनतीन वर्षे ताणाची, पुढची नफ्याची, असा ह्या शेतीचा सामान्य क्रम असतो.

आता आपल्या शिवारात येऊ. शहादे तालुक्यात ऊस पुष्कळ. खोडव्याचा ऊस म्हणजे आपली जुनीच विनानांगरणी शेती; फक्त आपण तिचे पाचट जाळून टाकतो. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते. १० टनांत नत्र सुमारे ५० किलो आणि कर्ब सुमारे ४ टन. प्रमाण ८० ला १. वरचा हिशेब लावला तर एवढे पाचट पुरते कुजविण्यास दीडशे किलोंहून अधिक नत्र हवे. म्हणून तज्ज्ञ सांगतात की, पाचट सरीत दाबावे, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत व पाणी द्यावे. ८० किलो युरियात नत्र ३७ किलोच. सगळी तूट त्याने भरत नाही, पण काम सुरू होते, आणि बाकीचे सावकाश होते. ही आपण मजुरांना दिलेली उचल होय. ती न देता जो पाचट ठेवतो, त्याचे पीक स्वतःच्या पोटातून उचल देते आणि पिवळे पडते.

असे पिवळे पीक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नदीकाठच्या एका लहान शेतकऱ्याने गव्हाचे काड जागीच ठेवून मका पेरला आणि खत आखडते घेतले. मका पिवळा पडला. त्या वेळी आम्ही एका सभेत म्हणालो की, ही आळशाची शेती आहे आणि मजुरी बुडविण्याची युक्ती आहे. ह्यातले पहिले वाक्य आम्ही आज जाहीरपणे मागे घेतो. तो शेतकरी टिकून राहिला. पुढच्या वर्षी त्याने काडाबरोबर चवळी घेतली आणि खताची मात्रा पेरणीपाशीच दिली. तिसऱ्या वर्षी मृगाच्या पावसानंतर त्याने आमच्या हातून आच्छादन उचलवून दाखविले. खाली माती ओली, पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि गांडुळांची विष्ठा हातभर पसरलेली. आम्ही काही बोललो नाही.

दुसरे वाक्य मात्र मागे घेत नाही, आणि येथे आम्ही आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. १९७२ साली शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती ह्यांच्यासारख्या माणसाने ह्या मुलखातल्या आदिवासी शेतमजुराला मान वर करून बोलावयास शिकविले. त्या परंपरेत वाढलेल्या आम्हांस शेतातली प्रत्येक नवी रीत पाहिली की पहिला प्रश्न सुचतो : ह्यात कोणाचा रोज जातो? नांगर गेला तर ट्रॅक्टरवाल्याचे भाडे जाते. त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. पण निंदणी गेली तर बायकांचा रोज जातो, आणि तिच्या जागी पाठीवर पंप येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसे दगावली. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. पण पंप वाहणारी पाठ तीच आहे. आणि पॅराक्वाटच्या विषावर उतारा नाही, हे प्रत्येक फवारणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

चुलीचा प्रश्नही तसाच. एका वस्तीवर आम्ही मजूर बायकांपुढे काडीकचऱ्याचे हे सारे शास्त्र सांगितले. एक वयस्कर बाई ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, पऱ्हाटी वावरात राहिली तर आम्ही चूल कशावर पेटवायची?" कपाशी उपटून शेत मोकळे करून द्यायचे आणि पऱ्हाटी सरपणास न्यायची, ही मजुराची जुनी वहिवाट. ती कोणत्याही करारात लिहिलेली नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची टाकी घरात आली. पण ती दर महिन्यास भरून आणणे सर्वांस झेपत नाही. म्हणजे व्होएल्करने सांगितलेला चूल आणि शेत ह्यांचा तंटा आजही मिटलेला नाही. जमिनीला काडी द्या, असे आपण म्हणतो, तेव्हा ती काडी कोणाच्या तरी डोक्यावरच्या मोळीतून काढून देतो.

म्हणून आमचे सांगणे असे. काडीकचरा जमिनीचा आहे, हे शास्त्र खरे. त्याशी भांडून उपयोग नाही. परंतु जमिनीची फेड उशिरा होते, हेही शास्त्रच सांगते, आणि त्या मधल्या काळाचा ताण भूमिहीनाने एकट्याने सोसू नये. नांगरटीचा खर्च ज्याचा वाचतो, त्याने त्यातून काही भाग पऱ्हाटी सोडणाऱ्या घराच्या सरपणासाठी द्यावा, अथवा निम्मी पऱ्हाटी त्या घराला सोडावी. ताग-धैंचा कापून आडवा करण्याचे काम यंत्राआधी माणसाला विचारून ठरवावे. फवारणी करावयाचीच तर हातमोजे, मुखपट्टी आणि पुरा रोज द्यावा. सरकारने पहिल्या दोनतीन वर्षांचा ताण उचलावा; कारण साठणारा कर्ब आणि टिकणारी माती ही साऱ्या समाजाची ठेव आहे.

जिवाणू आपली उचल घेतात आणि मेल्यावर का होईना, पण पै न् पै फेडतात. त्यांच्या वहीत खाडाखोड नसते. माणसांच्या वहीत ती असते, हे आम्ही त्या ओट्यापुढे बसून पाहिले आहे. ह्या आखाजीला ज्यांच्या ओट्यावर हिशेब होतील, त्यांनी एकदा आपल्या बांधावर जावे, पायाखालची काडी उचलून खालची माती पाहावी, आणि मग वही उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.